दोन्ही गुलाबीच ना?

मराठी संसारात दर दिवाळीला हमखास उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यांपैकी "चिवड्यात मीठ कमी पडलंय" हे अगदी निरुपद्रवी, आणि "दोन्ही गुलाबीच ना?" हे अत्यंत घातकी. पहिल्यावर उपाय आहे. मीठ वरून भुरभुरता येते. दुसऱ्यावर उपाय नाही. घराला रंग द्यायचा असतो, दुकानातून आणलेले रंगांचे कार्ड मांडीवर असते, घरातली बाई दोन चौकोनांवर दोन बोटे ठेवून "यांतला कोणता?" असे विचारते, आणि गृहस्थ मोबाइलमधून डोके वर न काढता उत्तर देतात, "दोन्ही गुलाबीच ना? घे कोणताही." ऐकायला किती उदार वाटते! जणू सारे राज्यच आपल्या पदरात टाकले. प्रत्यक्षात त्यांनी एवढेच सांगितलेले असते, की तू जे पाहते आहेस ते नाहीच.

मला या वाक्याशी भांडायचे आहे. वाक्य बोलणाऱ्यांशीही थोडेसे. ज्यांना ऐन सणात भांडण नको असेल त्यांनी खुशाल पाने उलटून राशिभविष्याकडे वळावे. तेथे सर्वांचे बरे चालले आहे.

हवेतल्या भांडणाला अर्थ नाही, म्हणून घरचाच दाखला देते. गेल्या दिवाळीपूर्वी आमच्याकडे सासूबाईंच्या खोलीला रंग द्यायचा होता. खोली लहान, दहा फूट बाय अकरा. खिडकी एकच, तीही उत्तरेला, आणि तिच्याबाहेर शेजारच्या आवारातले आंब्याचे झाड. आत सासूबाईंचे सागवानी कपाट, पलंग आणि कोनाड्यात देव. त्यांचे वय एक्याऐंशी. दिवसाचे वीस तास त्या या खोलीत असतात. त्यांना गुलाबी रंग हवा होता, कारण त्यांच्या माहेरच्या माजघराच्या भिंती गुलाबी होत्या. कार्डावर गुलाबी निघाले अठरा. सोळा आम्ही अर्ध्या तासात बाद केले. दोन उरले, आणि ते दोन इतके जवळचे, की ते वरील ऐतिहासिक वाक्य आमच्या घरात तिथल्या तिथे उच्चारले गेले.

कार्डावरची त्यांची नावे देण्यात अर्थ नाही. एकाचे नाव कुठल्याशा परदेशी संध्याकाळीचे होते आणि दुसऱ्याचे एका मिठाईचे, जी आमच्यापैकी कोणी आजवर खाल्लेली नाही. सासूबाईंनी कार्ड खिडकीशी नेले, थोडा वेळ तिरके धरले आणि म्हणाल्या, "हा अबोलीकडचा, आणि हा गुलबक्षीकडचा." संपले! जे कंपनीच्या चकचकीत कार्डाला सांगता आले नाही ते परसातल्या दोन फुलांनी सांगितले. अबोलीकडचा म्हणजे पिवळ्याला जवळ करणारा. गुलबक्षीकडचा म्हणजे निळ्याला. आपल्या भाषेत डाळिंबी आहे, राणी आहे, कमळी आहे, आमसुली आहे, अंजिरी आहे, किरमिजी आहे. या शब्दांमागे एकेक वस्तू उभी आहे, आणि ती वस्तू ज्याने पाहिली त्याला रंग कळला. ज्या आजीबाईंना हे सारे शब्द येत होते त्यांना "दोन्ही एकच" असे सांगायला धीर लागतो. तो आपल्याकडच्या पुरुषांत बराच आहे.

आता कोणी म्हणेल, हे फुलापानांचे झाले. शास्त्रात बसते का? चांगले बसते. हल्ली दुकानात रंग मिळतो तो पांढऱ्या पायावर. टायटेनियम डायऑक्साइड नावाच्या शुभ्र भुकटीचा हा पाया; त्यात यंत्राने मोजून रंगाचे चार थेंब सोडायचे आणि डबा घुसळायचा. प्रश्न असतो थेंब कसले याचा. अबोलीकडच्या गुलाबीत सहसा लोखंडाच्या गंजाचा तांबडा पडतो, म्हणजे आपल्या काव-गेरूचा कारखान्यात जन्मलेला भाऊ, आणि सोबत किंचित पिवळा. गुलबक्षीकडच्या गुलाबीला मात्र गंज चालत नाही. त्याला किनॅक्रिडोनसारखे प्रयोगशाळेतले रंगद्रव्य लागते, जे अमेरिकेतल्या ड्यू पाँट कंपनीने 1958 साली बाजारात आणले. एक रंग माणसाने गुहेच्या भिंतीवर बोटांनी फासलेला, तर दुसरा माझ्या आईच्या लग्नाच्या आसपासचा. आणि हे दोन्ही म्हणे एकच!

सासूबाईंच्या माहेरच्या भिंतीचेही यातच उत्तर आहे. त्या काळी भिंतीला चुना लावीत आणि गुलाबी हवा असेल तर त्यात काव कालवीत. चुना हा जहाल क्षार. नाजूक लाल रंग त्यात कित्येकदा टिकत नाहीत, उडून जातात, काव टिकते. म्हणजे त्या माजघराचा गुलाबी अबोलीकडचाच असणार, त्याला गत्यंतर नव्हते. जयपूरची गोष्ट हीच. 1876 साली इंग्लंडच्या युवराजाच्या स्वागतासाठी ते शहर रंगवले आणि तेव्हापासून त्याला गुलाबी शहर म्हणतात. पण प्रत्यक्ष जाऊन आलेल्याला विचारा, तो सांगेल की भिंती आहेत गेरूच्या. सासूबाई जयपूरला कधी गेल्या नाहीत. मात्र "गुलाबी म्हणजे तोच" हे त्यांचे बोलणे म्हातारपणाचा हेका नव्हते. त्या चुन्याची रसायनशास्त्रीय साक्ष देत होत्या, आणि आम्ही त्यांना "आई, हल्ली असे रंग येतात" म्हणून समजावीत होतो. ('आम्ही' म्हणजे येथे त्यांचे चिरंजीव.)

एक गोष्ट मला नेहमी नवलाची वाटत आली आहे. साडीच्या दुकानात हा वाद कोणी घालीत नाही. तेथे दुकानदार स्वतः म्हणतो, "ताई, दारात नेऊन उजेडात बघा." बाई साडी खांद्यावर टाकून पायरीवर येते, पदर उन्हात धरते, परत आत जाते, पुन्हा बाहेर येते, आणि सबंध बाजारपेठेला यात काही वावगे दिसत नाही. मॅचिंग सेंटरमधला माणूस तर माझ्या मते या विषयातला खरा पंडित. त्याच्या पाठीमागे शेकडो कापडांची चळत असते. आपण नमुना पुढे करतो. तो एकदा पाहतो, एक तुकडा ओढतो, स्वतःच मान हलवून परत ठेवतो, दुसरा काढतो. "दोन्ही गुलाबीच ना" असे तो म्हणू लागला तर संध्याकाळपर्यंत त्याचे दुकान बंद पडेल. ट्यूबलाइटखाली अगदी जुळलेला ब्लाउजपीस रस्त्यावर येताच साडीशी फारकत घेतो, हे त्याला कोणत्याही ग्रंथाशिवाय ठाऊक असते. ग्रंथांत या प्रकाराला नाव आहे आणि कारणही आहे: दोन निरनिराळी रंगद्रव्ये एका उजेडात डोळ्याला सारखी भासतात आणि उजेड बदलला की वेगळी होतात. साडी सहा तासांच्या लग्नासाठी असते. भिंत निदान पाच-सहा वर्षांची सोबतीण. साडीला पायरीवर नेण्याची मुभा आणि भिंतीला मात्र "घे कोणताही"?

आणि पुरुषांना बारीक फरक दिसत नाहीत, या सबबीवर तर माझा काडीचा विश्वास नाही. हेच गृहस्थ वैशाखात आंब्याच्या पेटीपुढे उभे केले, की बघावे. फळ उचलतात, देठाशी पाहतात, पाठीवरची लाली पाहतात, नाकाशी नेतात आणि पेटीवाल्याला ठणकावतात, "हा देवगडचा नाही, कर्नाटकातला आहे!" दोन्ही हापूसच ना? असे आपण विचारून पाहावे. चहाचा रंग एका छटेने फिका झाला की त्यांना तो दिवाणखान्यातून दिसतो. तेव्हा दृष्टी आहे, आणि ती तीक्ष्णही आहे. ती कोठे खर्चायची आणि कोठे राखून ठेवायची, याचा हिशेब मात्र ठरलेला आहे.

ज्यांना खरोखरच दिसत नाही त्यांची गोष्ट निराळी. त्यांच्याविषयी मला आदर आहे, आणि एकाविषयी तर फारच. अणुवादासाठी प्रसिद्ध असलेल्या जॉन डाल्टनला रंगांधळेपण होते. लोकांना गुलाबी दिसणारे जिरेनियमचे फूल त्याला दिवसा आकाशी दिसे, आणि तेच फूल मेणबत्तीच्या उजेडात तांबडे. यावर त्याने काय केले? "दोन्ही फुलेच ना" असे म्हणून तो कामाला लागला नाही. त्याने चारचौघांना विचारले, भावाला विचारले (भावालाही तसेच दिसत होते), आणि 1794 साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे आपल्याच डोळ्यांवर निबंध वाचला. मृत्यूनंतर आपले डोळे तपासावेत असेही त्याने सांगून ठेवले. तो 1844 साली वारला. डोळ्याचे अवशेष मँचेस्टरमध्ये जपून ठेवले गेले, आणि 1995 साली त्यांतील जनुके तपासून त्याला हिरवा ओळखण्यात नेमकी कोणती उणीव होती ते सांगण्यात आले. ज्याला गुलाबी दिसत नव्हता त्याने मेल्यानंतरही दीडशे वर्षे त्याचा पिच्छा पुरवला. ज्यांना दिसतो त्यांच्याने मान वळवत नाही.

आमच्या घरी याहून मोठा पुरावा मिळाला, तो सासूबाईंच्याच डोळ्यांत. त्या आषाढात त्यांच्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. डावा अजून व्हायचा होता. रंगाऱ्याने भिंतीवर दोन पट्टे ओढले, ते वाळले, आणि सासूबाई खुर्ची घेऊन समोर बसल्या. त्यांनी डावा डोळा हाताने झाकला. "हा अबोली, हा गुलबक्षी. कोणीही सांगेल." मग उजवा झाकला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अगंबाई! या डोळ्याने दोन्ही एकच दिसतात."

म्हणजे घरातले दोन्ही पक्ष एका माणसाच्या दोन डोळ्यांत नांदत होते! कारण सरळ आहे. वयाबरोबर डोळ्यातले भिंग पिवळे, पुढे तपकिरी होत जाते आणि येणाऱ्या उजेडातला निळा अंश अडवून धरते. या दोन गुलाबींमधला मुख्य फरक त्या निळ्या अंशातच आहे. तो गाळला की दोघे जुळे भाऊ. भिंग बदलले की निळा परत येतो. क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या उजव्या डोळ्याचे असेच ऑपरेशन 1923 साली झाले, तेव्हा त्याला सारे जग फार निळे दिसू लागल्याची तक्रार त्याने केली होती. सासूबाईंनी तक्रार केली नाही. त्या कितीतरी वेळ डोळे आलटून पालटून झाकत बसल्या, आणि शेवटी जे बोलल्या ते मी विसरणार नाही: "इतकी वर्षं मला किती दिसतच नव्हतं, आणि कोणी सांगितलंही नाही."

त्यांनी मोतीबिंदूच्या डोळ्याने "दोन्ही एकच" म्हटले, ते प्रामाणिक होते. धडधाकट भिंगांच्या माणसांचे मी काय समजावे?

आता त्यांचा राखीव बाण: "पंधरा दिवसांत सवय होते. मग कोणता का असेना, लक्षातही येत नाही." या बाणात थोडे सत्य आहे, म्हणूनच तो विषारी. डोळा उजेडाशी जुळवून घेतो, खरे. पण भिंत एकटी नसते. उत्तरेच्या खिडकीतून येणारा उजेड आधीच थंड, त्यात आंब्याची पाने त्याला हिरवट करून आत सोडतात. आणि हिरवट उजेडात गुलाबी विटतो, राखेकडे झुकतो. शेजारी सागवानी कपाट. मिशेल शेवरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात रंगखात्याचा प्रमुख होता. काळा रंग फिका उतरतो अशा तक्रारी येत, आणि शोध घेता घेता त्याला आढळले की रंगात खोट नाही, खोट शेजाऱ्यात आहे. काळ्याशेजारी निळा-जांभळा विणला की काळ्याची धार जाते. त्याने 1839 साली यावर मोठा ग्रंथ लिहिला. (पुढे हा गृहस्थ एकशे दोन वर्षे जगला, रंगांकडे नीट पाहिल्याने प्रकृतीला अपाय होत नाही एवढे यावरून निघते.) तसेच येथे. सागवानाच्या नारिंगी-तपकिरी अंगाशेजारी गुलबक्षीकडचा गुलाबी आणखी निळा पडतो. शिवाय चार भिंती समोरासमोर उभ्या राहून एकमेकींचा रंग एकमेकींवर टाकतात, म्हणून कार्डावर पुसट वाटणारा रंग खोलीत गडद होतो. हे सगळे दुपारी बारा वाजता त्या खोलीत पलंगावर बसलेल्या बाईच्या अंगावर, तिच्या हातांवर, तिच्या पांढऱ्या लुगड्यावर पडते. "सवय होईल" म्हणणारे तेथे येतात संध्याकाळी सात वाजता, एलईडीचा पांढराफटक दिवा लावतात, आईला औषध घेतले का विचारतात आणि जातात. स्वस्त दिव्यांत तांबडा अंश मुळातच तोकडा. त्या उजेडात दोन गुलाबींतले अंतर त्यांना कसे दिसावे? सवय व्हायची कोणाला आणि सल्ला द्यायचा कोणी!

आणि सवय तर कशाचीही होते. बायकांना या देशात धुराची सवय झाली, मोरीजवळच्या काळोख्या स्वयंपाकघराची सवय झाली. सवय झाली हा त्या गोष्टी योग्य असल्याचा दाखला कधीपासून मानू लागलो?

गुलाबी हा बायकांचाच नाजूक विषय, असा एक सूरही या वादात हळूच लावला जातो, त्याचा जाता जाता समाचार घेते. जोतिबाच्या चैत्री यात्रेत डोंगरच्या डोंगर गुलालाने माखतो. तो रंग कोणता असतो, आणि उधळणारे कोण असतात? लग्नात गुलाबी फेटा बांधून मिरवतो तो कोण? तसेच गुलाबी भिंतींनी मन शांत होते असे सांगणारेही भेटतात. 1979 साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या नौदल तुरुंगातली एक कोठडी भडक गुलाबी रंगवून कैदी निवळले असा मोठा गवगवा झाला. पुढे काळजीपूर्वक प्रयोग केले तेव्हा तसा परिणाम काही सापडला नाही. आमच्या सासूबाई गुलाबी खोलीतही पूर्वीइतक्याच स्पष्ट बोलतात.

तेव्हा माझे मागणे असे. रंग कार्डावरून ठरवू नये. दोन छोटे डबे आणावेत. त्यांचा खर्च फराळाच्या एका पुड्याहून फार नसतो, आणि नापसंत भिंत पुन्हा रंगवण्यापुढे तो काहीच नाही. रंगाऱ्याकडून हातभर लांब, हातभर रुंद असे दोन पट्टे दोन-दोन हात मारून घ्यावेत, एक खिडकीसमोर आणि एक कोपऱ्यात. मध्ये जुन्या भिंतीचा रंग दिसत असेल तर तो पांढरा करून घ्यावा, नाहीतर शेवरलसाहेबांची खोड निघायची. पूर्ण वाळू द्यावे. चुना ओला असताना गडद असतो आणि वाळून उजळतो. हल्लीचे इमल्शन बहुधा उलटे, वाळल्यावर गडद होते. मग सकाळी पाहावे, भर दुपारी पाहावे, दिवे लागल्यावर पाहावे, आणि दिवाळी असेल तर एक पणती जवळ धरूनही पाहावे, कारण पणतीच्या पिवळ्या उजेडात निळा अंश जवळजवळ नसतोच आणि गुलबक्षीचा सारा तोरा उतरतो. आणि पाहणारे डोळे कोणाचे? जो त्या खोलीत दिवस काढणार त्याचे. बाकीच्यांनी मत द्यावे, पण आधी पाच मिनिटे भिंतीपुढे उभे राहून मग द्यावे.

सासूबाईंनी अबोलीकडचा घेतला. गुलबक्षीचा छोटा डबा जवळजवळ भरलेलाच उरला. तो मुलांनी अंगणातल्या मातीच्या किल्ल्याच्या बुरुजांना लावला. किल्ल्याला असला गुलाबी शोभत नाही, गेरूचा हवा, आणि गेरूतही तांबडा कोणता व पिवळा कोणता, यावर आमच्या यजमानांनी मुलांना पाऊण तास समजावून सांगितले.